गोदावरीचं नाव यादीत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वेबसाइटच्या पत्त्यात शेवटच्या डॉटनंतर कॉम किंवा इन असतं ना, तिथे कंपन्या आता स्वतःचं ब्रँडनेम लावून घेऊ शकतात, आणि एकदा ते मिळालं की त्याखाली पत्ते फक्त त्या कंपनीचे, बाकी कुणाला नाही. हे देते आयकॅन नावाची संस्था. २०१२ च्या फेरीत फी १ लाख ८५ हजार डॉलर होती तरी १९३० अर्ज आले. नवीन फेरीत अर्ज घ्यायला सुरुवात होण्याची तारीख ३० एप्रिल २०२६, फी २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनाच झेपणार.

मला त्रास होतो तो जागांच्या नावांच्या नियमाचा. टाटांनी डॉट टाटा मागितलं तर मोरोक्को सरकारची संमती लागली, कारण तिथे टाटा नावाचा प्रांत आहे आणि प्रांतांची नावं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या यादीत असतात. कंपनी आपल्या मुंबईची असली तरी मला हे बरोबरच वाटतं. पण अ‍ॅमेझॉन कंपनीने डॉट अ‍ॅमेझॉन मागितलं, आणि अ‍ॅमेझॉन ही नदी, ती त्या यादीत नाही! ब्राझील आणि पेरूने जीव तोडून विरोध केला, २०१४ मध्ये अर्ज फेटाळलाही गेला, मग कंपनी दाद मागायला गेली, २०१७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, नंतर देशांशी बोलणी झाली ती काही जमली नाहीत आणि २०१९ मध्ये नाव कंपनीलाच गेलं. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने मात्र, त्याच नावाचा प्रदेश असलेल्या अर्जेंटिना, चिलीची हरकत आल्यावर २०१३ मध्ये अर्ज मागे घेतला, पण तो तिचा समजूतदारपणा, नियम नव्हे.

आता आपलं बघा. त्या यादीत भारतातली फक्त राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश आहेत, म्हणजे महाराष्ट्र सेफ, पण गोदावरी नाही, सह्याद्री नाही, रायगडसुद्धा नाही. मी गोदाघाटावर लहानाचा मोठा झालो, उद्या त्या नावाचा ट्रेडमार्क असलेल्या कंपनीने डॉट गोदावरी मागितलं तर विचारायला कुणी आपल्या दारात येणार नाही. आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीत भारत आहे, ब्राझील-पेरूने तिथूनच जोर लावला होता. तेव्हा राज्य सरकारने आपल्या नद्या, गड, डोंगरांची यादी करून दिल्लीत आयटी मंत्रालयाकडे आत्ताच द्यावी, अर्ज मंजूर होत आल्यावर नाही.

एक वाचक, नाशिक