वजन अडते तेव्हा आधी नोंदवही तपासावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर वजन कमी करण्यासंबंधी नियमितपणे मजकूर येतो आणि वाचकांचे प्रश्नही छापले जातात. त्यांतला एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येताना दिसतो: सुरुवातीचे काही किलो भराभर उतरले, आहार अजूनही मोजूनमापूनच घेतो आहे, तरी गेले कित्येक आठवडे काटा जागचा हलत नाही, आता काय करावे? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. खाणे आणखी थोडे कमी करा, चालणे वाढवा, चयापचय मंदावले असेल. या तिन्ही उत्तरांच्या आधी 'मोजूनमापून म्हणजे नेमके कसे मोजता?' असे विचारायला हवे, पण ते कोणी विचारत नाही. मी उभी हयात हिशेब तपासण्यात घालवली आहे. त्यामुळे ताळा जमत नसेल तर धोरण बदलण्यापूर्वी मूळ नोंदी पाहाव्यात हे माझ्या अंगवळणी पडले आहे. आणि तरीही स्वतःच्या ताटाच्या बाबतीत मला ते नऊ आठवडे सुचले नाही, हे प्रांजळपणे सांगूनच हे पत्र लिहितो आहे.

माझे वजन ९४ किलोवरून ८५ वर आले आणि तिथे अडले. मोबाइलमधल्या नोंदींप्रमाणे माझा आहार दिवसाला सरासरी १,७०० कॅलरींचा होता. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्रीय परिभाषेत किलोकॅलरी असते, मीही इथे रूढ अर्थच घेतला आहे.) एका आहार सल्लागारांनी हा आकडा पाहिला आणि तो १,५०० वर आणायला सांगितले. आकडा कुठून आला, हे त्यांनी विचारले नाही. एखाद्या दुकानाची गल्लक रोज थोडी कमी भरत असेल, तर मालकाला 'उद्यापासून खर्च कमी करा' असे सांगून मी कधी परतलो नसतो; आधी पावत्या मागवल्या असत्या. म्हणून १,५०० वर जाण्यापूर्वी मी स्वयंपाकघरासाठी एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणला आणि दोन आठवडे खाण्यात काडीचाही बदल न करता, जे नेहमी खातो तेच, फक्त ग्रॅममध्ये लिहिले. सरासरी निघाली २,२३० च्या आसपास. म्हणजे दिवसाला पाचशेहून अधिक कॅलरी वहीबाहेर होत्या, आणि त्यांतली एकही मी जाणूनबुजून लपवलेली नव्हती.

त्या कुठे होत्या हे सांगण्यासारखे आहे. सर्वांत मोठी गळती तेलाची निघाली. दोघांच्या एका वेळच्या स्वयंपाकाला मी 'दोन छोटे चमचे तेल' असे लिहीत असे. पाच मिलिलिटरच्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावते, म्हणजे दोन चमच्यांचे नऊ ग्रॅम आणि सुमारे ८० कॅलरी. पण चमचा मी किती दिवसांत हातात घेतला नव्हता. बाटलीच भांड्यावर तिरपी करायची आणि मनात दोन म्हणायचे, अशी सवय होती. स्वयंपाकाआधी आणि नंतर बाटलीचेच वजन केले तेव्हा फरक २६ ग्रॅमचा आला. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरतात, म्हणजे २३४. दोन वेळचे जेवण धरले तर माझ्या एकट्याच्या वाट्याला रोज सुमारे दीडशे जादा कॅलरी या तिरप्या बाटलीतूनच येत होत्या. जेवणात तेवढे तेल दिसत नाही, पोट त्याने अधिक भरत नाही, आणि म्हणूनच अंदाजाने मोजण्यास ते सर्वांत वाईट.

दुसरी चूक तर माझ्या पेशाला लाज आणणारी होती. तांदूळ मी कच्चा तोलत होतो आणि मोबाइलमधल्या पदार्थांच्या यादीतून निवडलेली नोंद होती शिजलेल्या भाताची. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. शिजताना तो पाणी शोषून जवळपास तिप्पट होतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या भातात त्या १३० च्या घरात येतात. मांसाचे उलटे होते: शिजवताना पाणी निघून जाऊन वजन साधारण पाव हिश्श्याने घटते, तेव्हा शिजलेला तुकडा तोलून तो कच्च्याच्या नावावर मांडला की तिथेही आकडा कमी पडतो. कच्चे तोलावे की शिजलेले, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तोललेल्या पदार्थाची आणि निवडलेल्या नोंदीची अवस्था एकच असावी, एवढे पाळले की झाले.

उरलेला फरक चहातले दूध आणि साखर, स्वयंपाक करता करता तोंडात टाकलेले दाणे, चव पाहण्यासाठी घेतलेले दोन-तीन चमचे आणि कोणाच्या तरी ताटात उरले म्हणून संपवलेले घास यांनी भरून निघाला. हिशेबाच्या भाषेत हा किरकोळ खर्च, आणि बुडणारे धंदे बहुतेक वेळा किरकोळीतच बुडताना मी पाहिले आहेत.

हा माझ्या एकट्याचा वेंधळेपणा असता तर संपादकांना पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात स्टीव्हन लिच्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच तक्रारीच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज १,२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या दहा जणांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च त्यांनी डबली लेबल्ड वॉटर या पद्धतीने तपासला. या पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्यांचे अधिक वजनाचे अणू) असलेले पाणी प्यायला देतात आणि ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून काही दिवसांचा ऊर्जाखर्च काढतात, त्यामुळे माणसाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही. या लोकांचे चयापचय अपेक्षेप्रमाणेच निघाले. मात्र त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी सांगितले होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. हे लोक खोटारडे होते असा याचा अर्थ लावणे मला अन्यायाचे वाटते. माझ्या त्या दोन आठवड्यांनंतर तर अधिकच.

चयापचय मंदावते हे अगदीच खोटे नाही, पण त्याचे माप नीट घ्यावे. वजन घटले की त्या लहान शरीराला कमी ऊर्जा लागते, हा सरळ हिशेब आहे: १९९० साली मांडलेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिफ्लिन-सेंट जॉर सूत्रात दर किलोमागे विश्रांत अवस्थेतली दिवसाची गरज १० कॅलरींनी बदलते, म्हणजे माझे नऊ किलो गेले तेव्हा ९० कॅलरी गेल्या. त्याखेरीज कमी खाण्याला जुळवून घेताना शरीर आणखी थोडी काटकसर करते. या काटकसरीला मर्यादा असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी मिनेसोटात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून जो प्रयोग केला, त्यात त्यांचे चयापचय खूपच खाली गेले होते; तरीही त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरले. म्हणजे 'शरीराने उपासमारीचा पवित्रा घेतल्यामुळे' वजन उतरणेच थांबते, हा लोकप्रिय खुलासा टिकत नाही. त्याच प्रयोगात ती मुले अन्नाशिवाय दुसरा विचार करू शकत नव्हती, हेही विसरू नये. चुकीच्या आकड्यावरून आणखी २०० कॅलरी वजा करायला सांगणाऱ्यांनी तर मुळीच विसरू नये, कारण भुकेलेला माणूस वही मिटून डबा उघडतो.

मोजण्याची पद्धत फार अवघड नाही. रिकामे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि एकेक पदार्थ घालत आकडा लिहावा. बरणीतला पदार्थ असेल तर भरलेली बरणीच काट्यावर ठेवून शून्य करावी. चमचाभर बाहेर काढला की काटा उणे १९ असे काहीतरी दाखवतो, तेच आपले १९ ग्रॅम. चाटलेला चमचाही त्यात आपोआप येतो. सर्वांसाठी एकत्र शिजवलेल्या पदार्थाचे काय, असे मला नेहमी विचारतात. सर्व कच्च्या जिनसांच्या कॅलरींची बेरीज समजा १,५०० झाली आणि तयार पदार्थाचे वजन, भांड्याचे वजा करून, १,२०० ग्रॅम भरले, तर आपण वाढून घेतलेल्या ३२० ग्रॅममध्ये ४०० कॅलरी आल्या. नेहमीच्या भांड्यांची रिकामी वजने मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. हसणारे हसले, पण दर वेळी भांडे रिकामे करण्याची कटकट गेली.

मोजमाप पै-पैशापर्यंत चोख होईल या भ्रमात मात्र राहू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत प्रत्यक्ष कॅलरी वेष्टनावरील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत अधिक असल्या तरी चालतात. मोबाइलच्या याद्यांमधील कितीतरी नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, आणि त्या कोणी तपासलेल्या असतीलच असे नाही. कधी चूक उलट्या बाजूनेही निघते: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांच्या अभ्यासात २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला सुमारे १७० ऐवजी १२९ कॅलरीच मिळतात असे दिसले, कारण नीट न चावलेल्या कणांतली चरबी पचतच नाही. मनगटावरच्या पट्ट्यांविषयी तर न बोललेले बरे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलेल्या सात उपकरणांपैकी सर्वांत अचूक ठरलेल्यातही खर्च झालेल्या कॅलरींची चूक सरासरी २७ टक्के होती, आणि पट्टीने 'कमावून दिलेल्या' कॅलरी खाऊन टाकणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत.

वजन अडले हे ठरवण्याचीही घाई होते. पोटात असलेले अन्न, मीठ, पाळीचे चक्र, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने स्नायूंत साठणारे पाणी यांमुळे काटा दिवसागणिक एक-दोन किलोही वरखाली होतो. म्हणून रोज सकाळी एकाच वेळी वजन घेऊन सात दिवसांची सरासरी काढावी, सरासरीचीच सरासरीशी तुलना करावी, आणि स्त्रियांनी ती गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही, तर अडले म्हणावे. त्या काळात सुट्टीचे दिवसही वहीत हवेत. पाच दिवस रोज ४०० कॅलरी वाचवणाऱ्याने शनिवार-रविवारी हजार-हजार जास्त खाल्ल्या की आठवड्याची शिल्लक शून्य, आणि मनात मात्र पाच दिवसांचा संयमच राहतो.

या सगळ्याने माणूस अन्नाच्या बाबतीत पछाडल्यासारखा होईल, असा आक्षेप माझ्या घरातूनच आला आणि तो मला अर्धा मान्य आहे. खाण्यासंबंधीच्या विकाराचा ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे, त्यांनी वजनकाट्याच्या वाटेलाच जाऊ नये. गर्भवतींनी आणि वाढीच्या वयातल्या मुलांनीही नाही. इतरांनीही हे आयुष्यभर करावे असे मी म्हणत नाही. लेखापरीक्षण रोज करत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत नजर पुष्कळ सुधारते आणि पुढे तेल, सुकामेवा, साखर एवढेच तोलले तरी भागते. आणि चोख नोंदी करूनही महिनाभर वजन हलले नाही, तर डॉक्टरांकडे जावे, कारण थायरॉइडचा आजार, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा काही मानसोपचारांतली औषधे यांचाही वजनाशी संबंध असतो. आणि अशा वेळी 'मी फार खात नाही' या वाक्यापेक्षा ग्रॅममध्ये लिहिलेली वही डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते.

माझे पुढे काय झाले, तर १,५०० चा सल्ला मी पाळलाच नाही. खऱ्या अर्थाने १,८०० वर आलो, आणि कागदावर आधीपेक्षा शंभर कॅलरी जास्त खात असूनही सातव्या आठवड्यात सरासरी ८२.६ वर आली.

आता आपल्याकडे एक मागणे. आपल्या पाककृतींच्या सदरात 'तेल अंदाजाने' आणि 'चार जणांसाठी' असे छापले जाते. त्याऐवजी तेल, साखर आणि धान्य ग्रॅममध्ये द्यावे, ते कच्चे की शिजलेले हे लिहावे, आणि तयार पदार्थाचे एकूण वजन शेवटी एका ओळीत द्यावे. पाककृती पाठवणाऱ्यांना सुरुवातीला हे जाचक वाटेल, पण ती एक ओळ मिळाली तर बाकीचा भागाकार आम्ही वाचक करू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेब तपासनीस