ढेकणांसाठी डोक्याला औषध कशाला?

संपादक महोदय,

घरात ढेकूण झाल्याचे कळले की फोनवर उपायांचे संदेश येऊ लागतात. डोक्याला रॉकेल चोळा, खोबरेलात कापूर घालून लावा, उवांच्या शाम्पूने सलग सात दिवस न्हा, अंगावर डासांचा फवारा मारून झोपा. घरातले ढेकूण काढणे हाच आमचा व्यवसाय असल्याने स्पष्टच लिहितो: हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ढेकूण अंगावर किंवा केसांत राहत नाही. तो रक्त प्यायला येतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि आपल्या फटीत परत जातो.

याचे कारण त्याच्या पायांत आहे. उवेच्या प्रत्येक पायाला आकड्यासारखी एकच वाकडी नखी असते आणि ती केसाच्या जाडीला बरोबर बसते, त्यामुळे फणी फिरवली तरी ऊ सहजी सुटत नाही. ढेकणाचे पाय लाकूड, कापड, भिंत अशा खरखरीत पृष्ठभागावर धावण्यासाठी आहेत. केसांच्या जंजाळात तो अडखळतो. त्याचे शरीर चपटे आहे ते फटीत शिरण्यासाठी. शिवाय जिवंत माणसाची सततची ऊब आणि हालचाल त्याला मानवत नाही. तो अंडी घालतो तीही अंधारात, लाकडाच्या चिरेत किंवा गादीच्या शिवणीत. अपवाद अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा. त्याच्या कपड्यांच्या घड्या, पट्ट्यांच्या कडा आणि चाकांच्या खुर्चीच्या शिवणी नीट पाहाव्यात.

मग सकाळी उठल्यावर केसांत ढेकूण सापडला तर? तो वाट चुकलेला आहे, एवढेच समजावे. चिरडू नये, कारण डागही पडतो आणि ओळखही पटत नाही. पारदर्शक चिकटपट्टीने उचलून ती पट्टी कागदावर चिकटवून ठेवावी. डोके खाली करून पांढऱ्या कापडावर केस झटकावेत, बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवावी आणि नेहमीच्या साबणाने व शाम्पूने एकदा आंघोळ करावी. बस्स. आंघोळीने ढेकूण मरतो असे नाही, पण अंगावर असेल तर वाहून जातो. अंगावरचे कपडे मात्र लगेच पिशवीत घालून गाठ मारावी. ढेकूण एका घरातून दुसऱ्या घरात जातो तो कपडे, सामान आणि जुन्या फर्निचरमधून, डोक्यातून नव्हे.

केसांत खरोखरच काही राहत असेल तर ते दुसरे काही आहे. ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब, राखाडी आणि केसाला धरून असते. तिच्या लिखा टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत केसाला घट्ट चिकटलेल्या असतात आणि कोंड्यासारख्या बोटाने सरकत नाहीत. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, तपकिरी-लाल आणि सफरचंदाच्या बीएवढा असतो. नुकते अंड्यातून आलेले पिल्लू मात्र जेमतेम दीड मिलिमीटरचे आणि फिकट असल्यामुळे त्याला ऊ समजण्याची चूक होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती रात्री असह्य खाज सुटत असेल आणि घरातल्या इतरांनाही तसेच होत असेल तर खरजेची शंका घ्यावी. तो किडा कातडीच्या आत बीळ करतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते. या तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत. ती चिकटपट्टी जपून ठेवायची ती डॉक्टरांना दाखवण्यासाठीच.

ढेकणाचा चावा नुसत्या डोळ्यांनी ओळखणे डॉक्टरांनाही कठीण जाते. मान, चेहरा, हात अशा उघड्या भागावर ओळीने किंवा पुंजक्याने गांधी उठतात, पण कुणाच्या अंगावर त्या लगेच दिसतात, कुणाच्या चौदा दिवसांनी, आणि कुणाच्या कधीच नाहीत. एकाच गादीवर झोपणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाचेच अंग सुजते आणि मग त्याचे रक्त गोड असल्याचे ठरते, नाहीतर त्याच्या अंगातच ढेकूण असल्याचे. दोघांनाही चावलेले असतात. फरक ढेकणाच्या लाळेवरच्या प्रतिक्रियेचा आहे.

चाव्याची जागा साबण-पाण्याने धुवावी आणि ओल्या गार कापडाने दहा मिनिटे शेकावी. खाज कमी करायला कॅलामाइन पुरते; जास्त असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम दिवसातून दोनदा, आठवड्याच्या आत थांबवावे. मोठ्या माणसाची झोपच होत नसेल तर रात्री सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी चालते. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. नखे कापावीत, कारण बहुतेक वेळा त्रास चाव्याने कमी आणि खाजवून झालेल्या जखमेने जास्त होतो. पू, पसरत जाणारी लाली किंवा ताप आला तर दवाखाना गाठावा. धाप लागली किंवा ओठ सुजले तर क्षणाचाही उशीर नको. ढेकूण चावल्याने रोजच्या व्यवहारात कुठला रोग पसरल्याचे सिद्ध झालेले नाही, हाही दिलासा आहे.

आता विषांविषयी. डोक्याची कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त कीटकनाशक शोषते. गादीच्या फटीसाठी बनवलेले औषध केसांत चोळले की ते अंगात जाते: लाळ गळते, घाम सुटतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. असे दिसल्यास कपडे काढून अंग व केस साबणाने धुवावेत आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जावे. रॉकेलने कातडी भाजते, आणि ठिणगी पडली तर पुढचे सांगायला नको. उवांच्या औषधातले पर्मेथ्रिन हे कीटकनाशक ढेकणासाठी डोक्याला लावण्यात दुहेरी चूक आहे. तो डोक्यात नसतो, आणि त्याच्या अनेक पिढ्या या गटातल्या औषधांना सरावल्या आहेत. सर्वांत भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवणे. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो, आणि त्यावर उतारा नाही.

खरे काम पलंगापाशी आहे. टॉर्च आणि एखादे जुने प्लास्टिकचे कार्ड घेऊन गादीची शिवण, कडेची मगजी, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोके, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू अशा क्रमाने पाहावे. काळे ठिपके दिसले तर ओल्या कापसाने पुसावेत. शाईसारखे पसरले तर ती ढेकणाची विष्ठा. सोबत फिकट रंगाच्या काती आणि एक मिलिमीटरची पांढरी अंडी सापडतील.

मारायला उष्णतेसारखे औषध नाही. प्रौढ ढेकूण ४८ अंश सेल्सियसच्या आसपास मरतो, अंड्यांना ५५ अंशांजवळ जावे लागते. म्हणून चादरी, अभ्रे, कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत किंवा ड्रायरमध्ये सर्वाधिक उष्णतेवर अर्धा तास फिरवावेत. कोमट पाणी आणि भारी साबण यांनी अंडी मरत नाहीत. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याचा जुना उपाय अजूनही खरा आहे, फक्त किटलीची चोच सांध्याला टेकवूनच ओतावे. हातभर उंचीवरून ओतलेले पाणी फटीत शिरेपर्यंत निवते. गादी उन्हात टाकण्यावर मात्र विसंबू नये. वरची बाजू तापते, ढेकूण खालच्या गार बाजूला सरकतो आणि संध्याकाळी गादीबरोबर घरात परततो. गादीला चेनवाली, न फाटणारी खोळ घालून ती किमान वर्षभर उघडू नये, कारण गारव्यात ढेकूण कित्येक महिने उपाशी जगतो.

पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढावा, चादर जमिनीला टेकू देऊ नये आणि प्रत्येक पायाखाली सरळ कडांची प्लास्टिकची वाटी ठेवावी. वाटीला बाहेरून कापडी चिकटपट्टी गुंडाळावी म्हणजे ढेकूण चढेल, आणि आतून टाल्कम पावडरचा हात फिरवावा म्हणजे पडलेला वर येणार नाही. उष्ण प्रदेशातली ढेकणाची जात गुळगुळीत प्लास्टिकवरही चढते, त्यामुळे पावडर टाळू नये. आणि कंटाळून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागोमाग ढेकूण तिथेही पोचतात, आणि एका खोलीचे काम दोन खोल्यांचे होते.

धुराच्या डब्यांचा फारसा उपयोग नाही. धूर फटीत शिरत नाही, उलट ढेकूण पांगतात. फवारणी जाणकाराकडूनच करावी आणि पहिल्या वेळेनंतर दहा ते चौदा दिवसांनी दुसरी चुकवू नये. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. ती सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि उबदार हवेत पिल्ले महिन्या-सव्वा महिन्यात स्वतः अंडी घालू लागतात. तक्रारी येतात त्यातल्या निम्म्याअधिक ही दुसरी फवारणी न केल्याच्या.

सहा ते आठ आठवडे वाट्या रिकाम्या राहिल्या, नवा ठिपका दिसला नाही, तरी अंगावर काहीतरी सरपटते आहे असे अनेकांना वाटत राहते. तेव्हा सरपटल्यासारखे वाटेल त्या जागी चिकटपट्टी लावून पाहावी. त्यावर किडा सापडला नाही, तर कातडी औषधांनी आणि वारंवार साबण लावून कोरडी पडली आहे का ते बघावे. अशा कातडीला आंघोळीनंतर ओलसर अंगावर साधे तेल किंवा व्हॅसलीन लावणे पुरते.

आपले,
कीडनियंत्रण व्यवसायातील काही वाचक