स्मृती पारितोषिकांचे आटलेले मुद्दल

महोदय,

छोट्या वाचनालयांच्या, शिक्षण मंडळांच्या ताळेबंदात ‘कै. अमुक स्मृती पारितोषिक निधी’ अशा पंधरा-वीस ओळी हमखास सापडतात. समजा, पन्नास वर्षांपूर्वी कुणी 1,000 रुपये दिले. दहा टक्के दराने वर्षाला 100 रुपये सुटत. त्यात पुस्तक, हार आणि वर पेढेही भागत. आज साडेसहा टक्क्यांनी 65 रुपये येतात आणि साधे स्मृतिचिन्हच तीनशेच्या घरात जाते. वरचे पैसे सर्वसाधारण निधीतून जातात. ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्या ठेवींचे व्याज एकाच खात्यावर जमा होते.

खतावणीत प्रत्येक निधीला वेगळे पान हवे आणि व्याजाचा निदान चौथा हिस्सा दरवर्षी मुद्दलात परत जायला हवा. नवी देणगी घेताना ‘कायम निधीसाठी’, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरण्यासाठी, असे दात्याचे पत्र फाइलला लावा. आपण पावतीवर मारलेल्या शिक्क्यावर विसंबू नका. पत्र नसेल तर प्राप्तिकरात सवलत घेणाऱ्या संस्थेची ती त्या वर्षीची मिळकत ठरू शकते. मग मिळकतीचे 85 टक्के त्याच वर्षी खर्चा, नाहीतर मुदतीत वेगळा फॉर्म भरून साठवा, ही धावपळ मार्चअखेरीस सुरू होते.

चार जुने निधी एकत्र करून एकच बरे बक्षीस द्यावे, असा ठराव कार्यकारिणी उत्साहाने करते. पण दात्याने लिहून दिलेला हेतू विश्वस्तांना परस्पर बदलता येत नाही. त्यापेक्षा वारसांना पत्र पाठवून मुद्दलात भर मागावी, पुष्कळजण देतात.

– एक हिशेबनीस, सातारा