सफोकमध्ये निवडणूक ठरल्या दिवशी झाली. आपल्या जिल्हा परिषदांची कधी होणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये ४ मे २०२३ रोजी झालेल्या स्थानिक निवडणुकांची बातमी आपल्या दैनिकात आली होती. हुजूर पक्षाने हजारावर जागा गमावल्या, मजूर पक्ष पुढे गेला, पंतप्रधान ऋषी सुनक यांना धक्का बसला, एवढे तिच्यात होते. मी उन्हाळ्यापासून लेकीकडे इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक परगण्यात मुक्कामाला आहे. ती राहते त्या मिड सफोक जिल्ह्याचा निकाल मी जवळून पाहिला आणि तेव्हापासून मनात एक गोष्ट घोळते आहे. ती आपल्या वाचकांसमोर, विशेषतः ग्रामीण भागातल्या वाचकांसमोर ठेवावी म्हणून हे पत्र.

माझी सारी नोकरी पंचायत विभागात गेली. विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. निवडणुकीची ड्युटी कित्येकदा केली, केंद्राध्यक्ष म्हणून मतपेट्यांशेजारी शाळेच्या वर्गात रात्री काढल्या. त्यामुळे निवडणूक म्हटली की निकालाआधी माझे लक्ष यादी, केंद्र, पेटी आणि कार्यक्रमपत्रिका यांच्याकडे जाते.

मिड सफोकला जिल्हा म्हणतात खरे, पण लोकसंख्या जेमतेम लाखभर, म्हणजे आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट आणि आय ही तीन छोटी गावे सोडली तर बाकी सारी शेती आणि खेडी. मे महिन्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारखे पिवळे पीक फुललेले असते, मधूनच उघड्या माळावर डुकरांचे कळप दिसतात. कारभाराची रचना मला समजावून सांगावी लागली नाही. वर सफोक कौंटी, मध्ये जिल्हा, खाली पॅरिश. आपली जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणली की झाले. शाळा, रस्ते आणि वृद्धांची देखभाल कौंटीकडे. बांधकाम परवानगी, कचरा आणि घरकुले जिल्ह्याकडे. दफनभूमी, खेळाचे मैदान आणि सभागृह पॅरिशकडे. पॅरिशला एक पगारी क्लार्क असतो, बहुतेक ठिकाणी अर्धवेळ. सभेचे इतिवृत्त, हिशेब, पत्रव्यवहार सगळे त्याच्या अंगावर. आमच्या ग्रामसेवक मंडळींना हा माणूस लगेच ओळखीचा वाटेल.

या जिल्ह्याच्या परिषदेत ३४ जागा आहेत. २०१९ साली हुजूर पक्षाच्या १६, ग्रीन पक्षाच्या १२, लिबरल डेमोक्रॅटच्या ५ आणि एक अपक्ष असे बलाबल होते. यंदा ग्रीन २४, हुजूर ६, लिबरल डेमोक्रॅट ४. देशभर जिंकणाऱ्या मजूर पक्षाला इथे एकही जागा नाही. इंग्लंडमध्ये एखाद्या परिषदेत ग्रीन पक्षाला स्पष्ट बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. ज्या ब्रायटन शहराने त्या पक्षाला २०१० मध्ये पहिला खासदार दिला, तिथे याच दिवशी तो सपाटून हरला आणि सातांवर आला. शहर गेले, खेडे आले. ज्या भागाचे खासदार हुजूर पक्षाचे, जिथले बागायतदार आणि निवृत्त लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच पक्षाला मत देत आले, तिथे हे घडले.

कसे घडले याचे उत्तर मला लेकीच्या दारात मिळाले. एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी ग्रीन पक्षाच्या उमेदवार बाई आल्या. सोबत एकच कार्यकर्ता, हातात कागदाची पाटी आणि पेन. लेकीने रस्त्याच्या कडेला पाणी तुंबते म्हणून तक्रार केली. बाईंनी खाली वाकून ती जागा बघितली, लिहून घेतली आणि म्हणाल्या, हे गटार कौंटीच्या अखत्यारीत आहे, जिल्ह्याच्या नाही. मी निवडून आले तर तिकडे पाठपुरावा करीन, पण दुरुस्ती माझ्या हातात नाही. मला त्या बाईंचे फार कौतुक वाटले. मते मागायला आलेल्या माणसाने कुठले काम कुणाचे हे मतदाराला खरे सांगावे, ही मोठी गोष्ट आहे. पुढे कळले की हा पक्ष इथे पंधरा-वीस वर्षे एकेक गट धरून काम करतो आहे. निवडणूक नसताना पत्रके वाटतो, नियोजन समितीच्या बैठकांना जाऊन बसतो, गिपिंग नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर बोलतो. नॉर्विचपासून टेम्स नदीकाठच्या टिलबरीपर्यंत समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज नेणारी उच्चदाब वाहिनी याच जिल्ह्यातून जायची आहे. शेताशेतांतून मनोरे उभे राहणार म्हणून गावोगाव विरोधाच्या पाट्या लागल्या आहेत. पर्यावरणवादी पक्षाला तर हा प्रश्न आणखी अवघड, कारण पवनऊर्जा हवी आणि मनोरे नकोत. आपल्याकडे ज्यांच्या रानात टॉवर आले त्यांना यातली ओढाताण सांगायला नको.

मतदानाच्या दिवशी मी लेक आणि जावयांबरोबर गावाच्या सभागृहापर्यंत गेलो. दोघेही भारतीय नागरिक, पासपोर्ट भारताचे. तरी त्यांना इथे मत आहे, कारण राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना रीतसर राहण्याची परवानगी असली की मतदार यादीत नाव नोंदवता येते. ही गोष्ट परदेशात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या पुष्कळ मुलांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. इंग्लंडमध्ये यंदा प्रथमच मतदानाला छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले. आपण शेषनसाहेबांच्या काळापासून ओळखपत्राला सरावलो आहोत. इथे मात्र त्यावरून बराच वाद आहे, कारण ज्येष्ठांचा बसपास चालतो आणि तरुणांचे रेल्वेचे सवलतकार्ड चालत नाही. हा भेद मलाही पटला नाही. लेकीने आपला भारतीय पासपोर्ट दाखवला, तो नियमाप्रमाणे चालला.

मी मतदार नसल्याने बाहेरच थांबलो. दारात पोलीस नव्हता, शंभर मीटरची पांढरी रेघ नव्हती. पक्षाचे गोल फुलासारखे बिल्ले लावलेले दोन कार्यकर्ते शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून, येणाऱ्याचा यादीतला क्रमांक टिपत होते. एक हुजूर पक्षाचा, एक ग्रीनचा, आणि थर्मासातला चहा दोघे वाटून पीत होते. लेक बाहेर आल्यावर मी तिला आत काय काय झाले ते सगळे विचारून घेतले. क्लार्कने नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचला, मतपत्रिका दिली, आडोशाला दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली, घडी घालून पेटीत टाकली. बोटाला शाई नाही. पेन्सिल म्हटल्यावर मी जरा चमकलो, कारण आपल्याकडे कुणी हे चालू देणार नाही. सकाळी सात ते रात्री दहा मतदान, दुसऱ्या दिवशी मोजणी, आणि तिसऱ्या दिवशी, शनिवारी, राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक. गावात पताका त्यासाठी लागल्या होत्या, निवडणुकीचा एकही फलक चौकात नव्हता. स्थानिक निवडणुकीला अनामत रक्कम भरावी लागत नाही, दोन मतदारांच्या सह्या पुरतात.

इथले सगळेच चांगले असे मी म्हणत नाही. स्थानिक निवडणुकीला साधारण तीनांतला एक मतदार येतो. आपल्या ग्रामपंचायतीला सत्तर-पंचाहत्तर टक्के मतदान ही नेहमीची गोष्ट, त्यासाठी मुंबई-पुण्याहून गाड्या करून लोक गावी येतात. इथे कित्येक पॅरिशमध्ये जागांएवढे अर्जही येत नाहीत आणि उरलेल्या जागा नंतर सदस्यांनीच भरायच्या. महिलांना राखीव जागा नाहीत. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांच्या, शिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गाचे आरक्षण. त्या आरक्षणामुळे पहिल्यांदा पंचायत समितीच्या सभागृहात पाऊल टाकलेल्या आणि दोन वर्षांत गटविकास अधिकाऱ्याला आकडे विचारू लागलेल्या भगिनी मी नोकरीत पाहिल्या आहेत. या बाबतीत आपण इंग्लंडच्या कितीतरी पुढे आहोत.

पण एका गोष्टीत ते पुढे आहेत. मे महिन्यातला पहिला गुरुवार हा तिथल्या स्थानिक निवडणुकीचा कायद्याने ठरलेला दिवस. या जिल्ह्याची परिषद १९७४ साली अस्तित्वात आली. २०१९ ला निवडून आलेल्यांना २०२३ च्या मे महिन्यात लोकांसमोर जायचेच होते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सत्ताधाऱ्यांना वारे उलटे आहे हे दिसत होते, तरी तारीख हलली नाही. कोरोनाच्या साथीत २०२० च्या निवडणुका पुढे गेल्या, पण त्यासाठी संसदेला कायदा करावा लागला आणि पुढची तारीख त्याच वेळी ठरली. २०२१ च्या मे महिन्यात त्या झाल्या. आता ग्रीन पक्षाचे अँडी मेलन परिषदेचे नेते झाले आहेत आणि कालचे सत्ताधारी विरोधी बाकांवर बसले आहेत.

आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेचे कलम २४३ ई सांगते की पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुंबई आणि पुणे महापालिकांचीही त्याच महिन्यात. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत तर २०२० पासून नगरसेवक नाहीत. एका सरकारने प्रभागांची संख्या वाढवली, दुसऱ्याने पूर्ववत केली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, त्या आरक्षणाचा मार्ग मोकळा झाला, त्याचा मला मनापासून आनंद झाला होता. आता निवडणुका लागतील असे वाटले. त्यानंतर प्रकरण पुन्हा त्याच न्यायालयाच्या ‘जैसे थे’ आदेशावर अडकले आणि तारखांवर तारखा पडत आहेत. यात कुठल्याही एका पक्षाला मी दोष देत नाही. दोन्ही बाजूंची सरकारे या काळात येऊन गेली.

प्रशासकाच्या कारभारात काय हरवते हे बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही, म्हणून आतल्या माणसाने सांगायला हवे. पंचायत समितीची मासिक सभा मी अनेक वर्षे पाहिली. सदस्य आरडाओरडा करतात, सभा लांबते, कर्मचारी वैतागतात. पण त्याच सभेत एखादा सदस्य उठून विचारतो की अमक्या वाडीच्या अंगणवाडीचे पत्रे गेल्या पावसात उडाले, अंदाजपत्रक झाले, मग काम का नाही? उपअभियंत्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते, ते इतिवृत्तात येते, आणि पुढच्या सभेत अनुपालनाचा विषय म्हणून पुन्हा समोर येते. आता जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी हेच प्रशासक. प्रस्ताव ठेवणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच. या अधिकाऱ्यांत उत्तम माणसे आहेत, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. पण त्यांना वाडीतला माणूस रात्री दार ठोठावून जाब विचारू शकत नाही. आमच्याच भागातल्या एका वस्तीवरच्या फरशीपुलाचे काम असे पडून आहे. सरपंच तालुक्याला जातात, अर्ज देतात, पोच घेतात, परत येतात. त्या अर्जावर सभेत बोलणारा सदस्य नाही. गेल्या मार्चमध्ये जिल्हा परिषदांचे अंदाजपत्रक लोकप्रतिनिधींच्या एका शब्दाशिवाय मंजूर झाले. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे निवडणूक लांबली की पैशाचीही अडचण होते.

माझी लेक गेल्या महिन्यात परक्या देशात आपल्या जिल्ह्याचा सदस्य निवडण्यासाठी मत देऊन आली. तिच्या महाराष्ट्रातल्या गावच्या लोकांनी जिल्हा परिषदेचा सदस्य शेवटचा निवडला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये. त्या वर्षी बारा वर्षांची असलेली मुले आज अठरा पूर्ण करून यादीत नाव घालत आहेत.

सर्वोच्च न्यायालयात राज्य सरकारने सुनावणी लवकर व्हावी म्हणून स्वतःहून अर्ज करावा आणि निकाल लागेल त्या दिवशी कार्यक्रम जाहीर करता येईल इतकी तयारी राज्य निवडणूक आयोगाने ठेवावी, एवढी साधी मागणी आहे. गट-गणांची रचना, मतदार याद्यांचे विभाजन, केंद्रांची पाहणी ही कामे किती दिवसांची असतात ते आम्हा निवृत्तांना ठाऊक आहे. हाक दिली तर आम्ही पुन्हा ड्युटीवर येऊ. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की जिल्हा आवृत्त्यांमध्ये दर सोमवारी एक चौकट द्यावी: आपली जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, मुदत कधी संपली, प्रशासक कोण, निवडणुकीची तारीख काय. शेवटचा रकाना जोवर रिकामा आहे तोवर रिकामाच छापावा.

आपला,
एक निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत)
सध्या मुक्काम स्टोमार्केटजवळ, सफोक, इंग्लंड
जून २०२३