वनमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या पिकाच्या नावाने शिकारीचा हंगाम उघडू नका

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

साहेब, स.न.वि.वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात माझे कोरडवाहू वावर आहे. कपाशी आणि तूर दरवर्षी, ओल टिकली तर हरभरा. वावराच्या एका अंगाला झुडपी जंगल आहे. रोही (नीलगाई), रानडुकरे आणि हरणे पिकाचे काय करतात, हे मला कोणी सांगायला नको. हे आधीच लिहितो, कारण पुढचे वाचून 'ह्याचे काय जाते बोलायला' असे कोणी म्हणू नये.

आमच्या भागात एक मागणी जोर धरते आहे. ग्रामसभेत, बाजाराच्या दिवशी, कृषी केंद्राच्या ओट्यावर तीच ऐकू येते: हरणे आणि रोही मारायची मोकळीक द्या. काही शिकलेली मंडळी त्याही पुढे जातात. अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, सरकार परवाने विकते, त्या पैशातून जंगल खाते चालते. विदर्भातही तसे करा, म्हणजे पीकही वाचेल आणि तिजोरीतही भर पडेल, असे ते सांगतात. नुकसान सोसणारा शेतकरी म्हणूनच मी आपल्याला विनंती करतो की ही मागणी मान्य करू नका.

त्रास खोटा नाही. जुलैत सोयाबीन दोन पानांवर आले की हरणांचा कळप एका रात्रीत तास-दोन तासांत ओळीच्या ओळी साफ करतो. तुरीला शेंग धरली की रोही येतात, आणि ते खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. डुकरे भुईमूग उकरतात, कपाशीची बोंडे फोडतात. म्हणून आमच्या शिवारात धुऱ्याधुऱ्यावर (बांधाबांधावर) जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात आणि कडाक्याच्या थंडीत घरटी एक माणूस जागलीवर असतो. दिवसभर राबलेला माणूस रात्री मचाणावर बसून डबा वाजवतो. त्यात ओलिताची वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते, म्हणजे ज्या वेळी जनावर वावरात असते नेमक्या त्याच वेळी आम्हाला पाणी द्यायला जावे लागते. ह्या माणसाने चिडून 'मारा त्यांना' म्हटले तर त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच्या चिडण्याचा आधार घेऊन सरकारने हौशी शिकाऱ्याला वाट करून द्यावी, हे मला पटत नाही.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. तिकडे एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातड्याच्या बाजारासाठी एवढी बेसुमार शिकार झाली की पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली. मग बाजारासाठी शिकार बंद झाली, परवाने आणि मर्यादा आल्या, 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला. आज ती हरणे कोटींच्या संख्येत आहेत. ह्यात घेण्यासारखे आहे, मी नाकारत नाही. पण त्या देशाच्या मोठ्या भागातून लांडगा आणि प्यूमा (तिकडचा बिबट्यासारखा प्राणी) माणसाने आधीच संपवले होते. हरणाला मारणारे रानात कोणी उरले नाही, म्हणून ते काम बंदुकीकडे आले.

आपल्याकडे ते काम करणारा अजून जिवंत आहे. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ मोजले गेले आणि त्यातले बहुतेक आमच्या विदर्भात आहेत. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी सावजे लागतात. हिशेब केला तर राज्यातले वाघच वर्षाला 22 हजारांवर जनावरे मारतात. बिबटे आणि रानकुत्रे वेगळेच. टिपेश्वर, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला ह्या जंगलांतून बाहेर पडणारा तरणा वाघ आमच्या शिवारांतून पुढे सरकतो, तो वाटेतल्या डुकरांवर आणि रोह्यांवरच. ती सावजे आपण बंदुकीने कमी केली तर तो वाघ उपाशी राहणार नाही. तो गोठ्यात येईल. मोहफूल वेचायला पहाटे वाकलेली बाई त्याला लांबून सावजासारखीच दिसेल. पीक वाचवायला निघून आपण माणसे गमावू, आणि ह्या भागाने माणसे आधीच पुष्कळ गमावली आहेत.

आता 'हंगाम' ह्या कल्पनेकडेच येतो, कारण माझ्या मते सगळी मागणी इथेच मोडते. थंड मुलखातली हरणे थंडीच्या तोंडाशी माजावर येतात आणि पाडसे उन्हाळ्याच्या सुरुवातीला जन्मतात. त्यामुळे तिकडे नोव्हेंबरात बंदूक उचलली तर त्या वर्षीची पाडसे दूध सोडून मोठी झालेली असतात. माणसाने निसर्गाच्या वेळापत्रकात एक मोकळी फट शोधली आणि तिला हंगाम म्हटले. आमच्या चितळाला अशी फट नाही. चितळाची वीण कमी-जास्त प्रमाणात बाराही महिने चालते. कुठलाही महिना घ्या, कळपात गाभण मादी असतेच, पाजणारी असतेच, आणि गवतात दडवून ठेवलेले पाडस असतेच. रोह्याचेही जवळपास तेच, आणि त्याच्या मादीला बऱ्याचदा जुळी होतात. मग आपण कोणता महिना उघडणार? शिंगवाला नरच मारू म्हणाल, तर त्याने संख्या कमी होत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. संख्या खाली आणायची तर माद्याच माराव्या लागतील. म्हणजे ज्या गोष्टीपासून वाचण्यासाठी तिकडे हंगाम ठेवला जातो, तीच गोष्ट इकडे हंगामाच्या नावाने सरकारी परवान्यावर करावी लागेल.

ह्या बाबतीत आमच्याच भागातल्या फासेपारध्यांकडे, म्हणजे फास लावून शिकार करणाऱ्या जमातीकडे, अमेरिकेपेक्षा जास्त शिकण्यासारखे आहे. इंग्रजांनी 1871 पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली पारध्यांना जन्माने गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून निघाला, लोकांच्या मनातून अजून निघालेला नाही. त्यांच्या जुन्या रिवाजात फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे असे. हे त्यांना जमत होते, कारण फासातले जनावर जिवंत हाती येई. पारधी त्याच्या पोटाला हात लावून पाहू शकत होता, आणि त्याला मन बदलायला वेळ होता. अंधारात बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले की चाप ओढणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही. पुढच्या जनावराच्या पोटात काय आहे, त्याच्या मागे कोण उभे आहे, धुऱ्यापलीकडे कोणाची जागल आहे, त्याला कळत नाही. (आज रानात लपवून लावतात ते तारेचे फास वेगळे. त्यांत अडकलेले जनावर कोणी बघायलाही येत नाही. दोन दिवस तडफडून ते मरते. जुन्या रिवाजाशी त्यांची सांगड घालू नये.) वाशीम-अकोल्याकडे हीच पारधी मंडळी आता माळराने राखतात, तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी जपतात. हरणाची वाट, वेळ, पाऊल त्यांच्याइतके कोणाला वाचता येत नाही. कळप शिवारातून बाहेर काढण्याच्या कामावर आपल्या खात्याने त्यांना मजुरीवर नव्हे, पगारावर घ्यावे.

मी अहिंसेचे व्रत घेतलेला माणूस नाही, साहेब. शेतकरी कीड मारतो, वावरात निघालेला साप मारतो, वेळ आली तर आणखीही मारेल. पोटासाठी, जिवासाठी, नाइलाजाने घेतलेला जीव मला कळतो. त्यात मारणाऱ्याला रात्री झोप लागत नाही, आणि लागू नये. पण ज्या मारण्यात मजा आहे, फोटो आहे, भिंतीवर लावायची शिंगे आहेत, ते वेगळे. त्याला पैसे मोजले म्हणून ते योग्य होत नाही, आणि माझ्या तुरीचे कारण पुढे केले म्हणून तर मुळीच नाही. घटनेच्या 51-क कलमात प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. आमच्या विदर्भाच्या गाडगेबाबांनी देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका म्हणून गावोगावी कीर्तनातून सांगितले. जिथे देवाच्या नावानेही उगाच जीव घेऊ नये असे शिकवले गेले, तिथे हौसेच्या नावाने कसा घ्यायचा?

आणि बंदूक असेल कोणाच्या हाती? माझ्या गावात दोन-चार एकरवाल्याकडे बंदूक नाही. परवाना असतो तो मोठ्या माणसाकडे, नाहीतर बाहेरून आलेल्या शूटरकडे. बिहारचे उदाहरण ताजे आहे. केंद्राने 2015 च्या अखेरीस तिथल्या काही जिल्ह्यांसाठी रोही आणि रानडुक्कर उपद्रवी घोषित केले, म्हणजे त्यांना मारायची मोकळीक दिली. 2016 च्या जूनमध्ये मोकामाच्या पट्ट्यात बाहेरच्या शूटरांनी थोड्या दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले. त्याने प्रश्न सुटला नाही, नंतरच्या वर्षांतही तिथे गोळ्या चालवाव्याच लागल्या. 2019 मध्ये वैशाली जिल्ह्यात गोळी लागलेला, पण जिवंत असलेला रोही जेसीबीने खड्ड्यात लोटून पुरल्याचा व्हिडिओ देशभर लोकांनी पाहिला. आमचे पीक वाचवायचे म्हणून असे कोणी करावे, ही आमची इच्छा नाही.

आमच्या तालुक्याला तर दुसरीही आठवण आहे. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ टी-1 वाघीण मारली गेली. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लागले होते, लोक वावरात जायला धजत नव्हते. ती गेल्यावर गावांनी सुटकेचा श्वास घेतला आणि त्याबद्दल त्यांना दोष देणारा मी कोण? पण गोळी खाजगी शिकारी मंडळींकडून चालली, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने नियम पाळले गेले नाहीत असे नोंदवले. वाघिणीसारख्या प्राण्याच्या वेळी, देशाचे लक्ष लागलेले असताना हे घडते. मग हरणाच्या वेळी, परवाने शेकड्याने वाटल्यावर, नियम कोण पाळणार आणि कोण बघणार?

कायद्यात वाट आधीपासून आहे. वन्यजीव कायदा 1972 चे कलम 11 म्हणते की उभ्या पिकाला धोका झालेल्या ठिकाणी चितळ, रोही, रानडुक्कर अशा दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांना मारायची परवानगी अधिकारी लेखी, कारणे नोंदवून देऊ शकतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्ले म्हणून त्याला मारता येत नाही, आणि ते तसेच राहू द्या. ह्या कलमाला मी विरोध करत नाही. जिथे सगळे उपाय थकले, तिथे ते वापरावे लागेल. पण ते वापरताना गोळी खात्याच्या प्रशिक्षित माणसानेच चालवावी, ठरलेल्या शिवारात आणि दिवसा. ग्रामसभेला आधी कळवावे. जखमी होऊन पळालेले जनावर सापडेपर्यंत पथकाने शिवार सोडू नये. पाडसे असलेल्या कळपावर गोळी चालवू नये. कलम 39 नुसार मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता आहे, तेव्हा त्याचे मांस कोणाच्या ताटात जाणार नाही हेही पाहावे. ते एकदा जाऊ लागले की पिकाला धोका दरवर्षी सापडेल.

मारण्याआधीचे उपाय मात्र आम्ही थकवलेले नाहीत, ते नीट झालेच नाहीत. सौर कुंपण एकेकट्या शेतकऱ्याला दिले की कळप शेजारच्या वावरात जातो, आणि शेजारी गरीब असेल तर तो तारेत चोरून वीज सोडतो. त्या तारेला हरीण मरते, वाघ मरतो, कधी भल्या पहाटे आलेला त्याचाच भाऊबंद मरतो. कुंपण अख्ख्या शिवाराला एकत्र द्या. ई-क्लासच्या (सरकारी चराऊ) जमिनी, गायराने, झुडपी जंगल ह्यांवर गवत राहिले तर हरणाला वावरात यायची गरज कमी पडेल. आज तिथे अतिक्रमण आहे नाहीतर तरोट्याचे तण आहे. ओलिताला दिवसा वीज मिळावी म्हणून आपण मंत्रिमंडळात आग्रह धरा. ती ऊर्जा खात्याची बाब असली तरी रात्री वावरात कोण मरते ते आपल्याच खात्याच्या कागदावर येते.

आणि भरपाई. खालच्या कर्मचाऱ्याने पंचनाम्याला इतका उशीर लावायचा की तोवर तुरीचे खुंट वाळून जावेत, आणि मग नुकसान दिसत नाही म्हणायचे, हा अनुभव आमच्या गावात घरोघरी आहे. मोबाइलवर काढलेला, ठिकाण आणि वेळ नोंदलेला फोटो पुरावा म्हणून धरा. रक्कम त्या आठवड्याच्या बाजारभावाने द्या. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान खरीप 2026 पासून पीकविम्यात घेण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. त्याचे दावे विमा कंपनी आणि वन खाते एकमेकांवर ढकलणार नाहीत, याचा आदेश पेरणीच्या आधी काढा. ज्याला नुकसानीचे पैसे वेळेत मिळतात तो शेतकरी हरणाला पुष्कळ सोसून घेतो. आमच्या आजवरच्या पिढ्यांनी सोसलेच आहे.

ताडोब्यात 1935 साली शिकार बंद झाली, म्हणून आज ताडोबा आहे. ती बंदी घालणाऱ्यांपुढेही शिकारीची हौस असलेली वजनदार माणसे होतीच. शिकारीच्या हंगामाचा कोणताही प्रस्ताव आपले खाते विचारात घेणार नाही, असे आपण विधिमंडळात स्पष्ट सांगावे, आणि कलम 11 खाली दिलेला प्रत्येक आदेश त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावा. एवढ्या दोन गोष्टी येत्या अधिवेशनात होऊ शकतात.

आपला,
राळेगाव तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी
जि. यवतमाळ