आबांच्या जीपचा पिंजरा

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझा फोन झाला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सकाळी संत्र्याला पाणी सोडून कागद घेऊन बसलो. आबांच्या जीपला बसवायच्या पिंजऱ्याचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याचा, तू पाठवलेला फोटो चारदा पाहिला. पिंजरा देखणा आहे, काळा रंग, वर दिवे लावायला पट्टी. पण फोटोत त्याचे पाय कुठेच दिसत नाहीत. मला सगळ्यात आधी तेच पाहायचे होते.

माझ्या डाव्या खांद्याचे हाड वर आलेले आहे. लहानपणी तू त्यावर बोट फिरवायचीस आणि मी बंडीवरून पडलो म्हणून सांगायचो. ते खरे नव्हते. १९९३ च्या श्रावणात मी एका मित्राच्या जीपमध्ये त्याच्या बाजूला बसलो होतो. पांदण चिखलाने भरलेली, गाडी बैलाच्या चालीने चाललेली. उजवे चाक धुऱ्यावर चढले, डावे काळ्या मातीत रुतले आणि गाडी हळूच कलली. इतकी हळू, की मला वाटले हाताने धरता येईल. त्या जीपला मागे पाण्याच्या पाइपाचा बार, म्हणजे पिंजऱ्याची नुसती एक कमान, होता, एका वर्कशॉपने हौसेने बसवलेला. नंतर आम्ही गाडी सरळ केली तेव्हा पाहिले, पाइप जसाच्या तसा होता. पण एका बाजूचा पाय फ्लोअरच्या पत्र्यातून खाली घुसला होता आणि दुसऱ्या बाजूचे बोल्ट रुपयाएवढ्या वॉशरसकट वर निघून आले होते. भोकांच्या कडा फुलासारख्या उमललेल्या. बार आडवा झाला आणि माझा खांदा त्याच्या खाली आला. आबा मला तालुक्याला घेऊन गेले, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीचा बार पाहिला की आधी खाली वाकून पाहतो.

म्हणून तुला सांगतो, पायापासून सुरुवात कर. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेचे, म्हणजे एफआयएचे, परिशिष्ट जे मधले कलम २५३ मी दादाकडून छापून घेतले आणि शब्दकोश घेऊन वाचले. त्यात पायाखालची मजबुतीची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची सांगितली आहे, म्हणजे साधारण बारा बाय दहा. मुख्य कमानीच्या, म्हणजे सीटमागच्या मोठ्या कमानीच्या, प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट, एम ८ म्हणजे ८ मिलिमीटरचे, मजबुतीचा दर्जा ८.८. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेले असते, ते डोळ्यांनी पाहून घे. आपल्या जीपचा पत्रा पंचावन्न वर्षांचा आहे. मी मागच्या आठवड्यात फ्लोअरमॅट उचलून स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, मागच्या चाकाच्या कमानीशी तो आत जातो. तिथे नुसत्या पत्र्यावर काहीही उभे करायचे नाही. आधी पत्रा बदलायचा, मग पाय खाली चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, न्यायचे. पण मध्ये रबरी बुश हवे, कारण खडबडीत रस्त्यावर चेसी पिळते आणि बॉडी रबरावर बसलेली असते. दोन्ही घट्ट जखडले तर कुठेतरी चीर पडतेच.

आता पाइप. दुकानदार तुला म्हणाला ना, दीड इंची आहे, एफआयएच्या मापापेक्षा जाडच? पाण्याचा दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर भरतो, म्हणून असे वाटते. नियमात मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २.० आहे, म्हणजे बाहेरचा व्यास आणि पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, पण तो कोल्ड ड्रॉन सीमलेस, जोडाची रेघ नसलेला. पाण्याचा पाइप पाणी वाहायला केलेला असतो, आणि वर जस्त असले तर वेल्डिंगच्या धुराने वेल्डरला ताप भरतो, जोडही भुसभुशीत राहतो. पाइप गरम करून, वाळू भरून वाकवू देऊ नकोस. थंडच वाकवायचा. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, आणि वळणावर व्हर्निअर लावून पाहायचे. ४५ चा पाइप तिथे चपटा होऊन ४०.५ च्या खाली गेला असेल तर तो तुकडा बाजूला. हे मी स्वतः तपासणार आहे.

रंगाचे तू तुझ्या मनासारखे कर. दिव्यांची पट्टी मात्र नको, जीप आधीच उंच आणि अरुंद आहे. ४५ बाय २.५ चा पाइप मीटरला २.६ किलो भरतो, सगळे वजन वरच जाते.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पिंजरा असलेल्या गाडीत बेल्ट नसेल तर तोच पाइप डोक्यावर आदळतो. आबांच्या जीपला बेल्ट कधीच नव्हते. म्हणून आधी बेल्ट, खांद्याच्या उंचीला आडवा पाइप, आणि डोक्याजवळच्या पाइपाला कठीण फोम. मऊ स्पंज चालत नाही, तो दाबला की संपतो. डांबरी रस्त्यावर तू हेल्मेटशिवाय बसणार असशील तर डोके आणि पाइप यांत मोठे अंतर लागेल. त्यासाठी सीट खाली घ्यावी लागली तरी घेऊ.

आणि कागद. आरसी बुकात १९६९ आहे, तेव्हा तुला व्हिंटेजचा, म्हणजे जुन्या जपलेल्या गाड्यांना मिळणारा, व्हीए नंबर घ्यायचा आहे. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिनात बदल केलेला चालत नाही, आणि तो नंबर रोजच्या फिरण्यासाठी नाही. चिखलदऱ्याच्या घाटात जायचे तर तो नंबर उपयोगाचा नाही, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा कैदही आहे. दोन्ही हवे असेल तर मिळणार नाही, बाळा. माझे मत विचारशील तर मी नंबर सोडेन, पिंजरा घेईन, आणि अमरावतीला आरटीओत आधी लेखी विचारेन. आबांनी ती गाडी चालवायला घेतली होती, झाकून ठेवायला नाही. तरी पिंजरा बोल्टने बसणारा घेऊ, बॉडीला वेल्ड केलेला नको. उद्या तुझे मन बदलले तर काढता येईल.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे हे विसरू नकोस. पत्रा बदलताना कुणी गाडीवर वेल्डिंगची गन धरायच्या आधी टाकी बाहेर पाहिजे. मी ती उद्याच काढून, धुऊन, पडवीत ठेवतो.

शनिवारी आलीस की तुला सीटवर बसवून डोक्यापर्यंतचे माप घेऊ. हेल्मेट बरोबर आण. आई म्हणते, तिखट शेव संपली असेल तर तीही बांधून ठेवते.

तुझा,
बाबा