त्या निळ्या दोऱ्याबद्दल

आदरणीय चाचा,
सादर नमस्कार.

माझ्या वडिलांची क्लॅरोनेट आपण दुरुस्त करून दिलीत, त्याला आज आठ दिवस झाले. दुकानात घसा दाटून आल्यामुळे आभाराचे दोन शब्दही धड बोलता आले नाहीत, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. ज्यांच्या वराती वडिलांच्या सुरावर निघाल्या, त्या अमळनेर-पारोळ्याकडच्या मंडळींनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे.

वडिलांनी ३१ वर्षे बँडमध्ये वाजवले. तुळशीचे लग्न लागले की त्यांचा हंगाम सुरू होई आणि वैशाखात तो असा काही भरात येई की, वैशाख शुद्ध एकादशीला घराजवळून सखाराम महाराजांचा रथ निघे, तेव्हाही ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी गावी मांडवापुढे उभे असत. ४४-४५ अंशांच्या उन्हात, जरीच्या पट्ट्यांचा जाड कोट अंगात घालून. वाटेत दवाखाना किंवा सुतकाचे घर आले की ते वाद्य ओठांपासून दूर करत आणि ढोलवाल्याला नुसत्या डोळ्यांनी थांबवत. मग नवरदेवाच्या मित्रांनी कितीही आरडाओरडा केला तरी ते घर मागे पडेपर्यंत सूर निघत नसे. डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या पोरांच्या ताटात वरण-बट्टी पडल्याचे पाहिल्यावाचून ते स्वतः जेवायला बसत नसत. (वाजंत्र्यांची पंगत सर्वांत शेवटी आणि तोवर वांग्याच्या भाजीचा केवळ रस्सा उरलेला, हा भाग निराळा.) अशा माणसाने अंथरूण धरले, तेव्हा ज्याच्याकडे उमेदीची वर्षे घालवली त्या बँडमालकाने घरी माणूस पाठवला खरा, पण तो गणवेश परत न्यायला.

वाद्याच्या वाट्यालाही फारसे वेगळे आले नाही. ते लाकूड आफ्रिकेतले, आपल्या शिसवाच्याच कुळातले. आतून श्वासाचा ओलावा आणि बाहेरून खानदेशची कोरडी झळ, या ओढाताणीत वरच्या भागाला तडा गेला होता. वडील गेल्यानंतर मी ती क्लॅरोनेट एका मोठ्या शहरातील नावाजलेल्या दुकानात नेली. त्यांनी तीन महिने ठेवून घेतली आणि ‘आता हिच्यात काही राहिलेले नाही, शोकेसमध्ये ठेवा’ असे सांगून वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिली, तीही एक चावी गहाळ करून.

तडा आपण कसा बुजवलात, ते मला कळले नाही आणि त्याविषयी मी लिहिणारही नाही. मला आठवतो तो आपण मधला सांधा सोडवलात तो क्षण. तिथले बुचाचे अस्तर केव्हाच झडले होते आणि त्या जागी वडिलांनी निळा दोरा गुंडाळला होता. आई शाळेचे गणवेश शिवत असे, तिच्या मशीनवरचाच तो दोरा. दाताने तोडून, मेणबत्तीवर घासून, वेढ्याला वेढा चिकटवत ते तासभर बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत. आपण चष्मा कपाळावर सरकवलात, सांधा डोळ्यांजवळ धरलात आणि मला विचारलेत, “हे त्यांनी स्वतः गुंडाळलंय ना? मग राहू द्या. हवा धरतंय अजून.” बाकीच्या सांध्यांना नवे बूच बसवलेत आणि त्या दोऱ्यावर फक्त अंगठ्याने थोडे मेण फिरवलेत.

नवे बूच बसवणे आपल्याला सोपे होते आणि त्याचे पैसेही मी निमूटपणे दिले असते. तीन महिन्यांत ज्यांना हातातले वाद्य कुणाचे, एवढेही विचारावेसे वाटले नाही, त्यांच्यानंतर आपण भेटलात, म्हणून कदाचित मला ते अधिकच भिडले असेल. पण समोर नसलेल्या, कधी न भेटलेल्या एका वाजंत्र्याच्या हातकामाला आपण मान दिलात, हे मी विसरू शकत नाही.

घरी आल्यावर आईने क्लॅरोनेट मांडीवर घेतली आणि काही न विचारता आधी तो सांधाच उघडून पाहिला. या पत्रासोबत तिने आपल्यासाठी त्याच निळ्या दोऱ्याचे एक रीळ पाठवले आहे. मेण आपल्याकडे असेलच, असे म्हणाली.

आपला ऋणी,
एका क्लॅरोनेटवाल्याचा मुलगा
अमळनेर